बानूबाईच्या सदतीस कुंड्या

बानूबाईनं एकदा डूख धरला की सुटका नाही, हे भूमच्या बाजारात पाट्या लावणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं. एका कांदेवालीनं तिला वजनात सडके कांदे घातले होते. भांडण नाही, तंटा नाही. पुढची नऊ वर्षं बाई दर बाजारी त्या पाटीपुढं थांबायची, एक कांदा उचलायची, चार लोकांदेखत नाकाला लावायची, परत ठेवायची आणि शेजारणीकडून दोन किलो घ्यायची. नऊ वर्षं! शेवटी कांदेवालीनंच जागा बदलली. अशा बाईच्या वाटेला जाण्याआधी माणसानं चारदा विचार करावा. रामकिसन मंडपवाल्यानं एकदाही केला नाही.

तशी बाई वाईट नव्हती हो. धनगराची लेक, धनगराचीच सून. लग्नानंतर बारा-तेरा वर्षं नवऱ्याबरोबर, बजरंगबरोबर, शेळ्यांमागं हिंडली. मग शेळ्या कमी झाल्या तशी बार्शी रस्त्यावरच्या एका नर्सरीत पिशव्यांत माती भरायला जायला लागली. अकरा वर्षं तिथं काढली. मालकानं नर्सरी बंद केली त्या दिवशी तो कामगारांना म्हणाला, न्यायचं ते न्या. बाया नुसत्या तुटून पडल्या. कुणी कलमी आंबा उचलला, कुणी लिंबू, कुणी नारळाची रोपं बगलेत मारली. बानूबाईनं कोपऱ्यातल्या आठ कुंड्या घेतल्या. अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. फर्नच्या कुंड्या होत्या त्या. पुस्तकात नेचा म्हणतात. लांबच लांब हिरवी पानं, दोन्ही अंगांना बारीक पाती, कुंडीच्या काठावरून खाली ओघळलेली.

बजरंगनं कुंड्या बघितल्या आणि डोक्याला हात लावला.

"ह्याला फळ काय येतंय?"

"येत न्हाय."

"मग फूल?"

"ते बी न्हाय."

"मग आणलं कशाला?"

"हिरवं हाय की!" बानूबाई म्हणाली. "एवढं पुरं न्हाय का?"

आता भूमचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. चैत्र सरेपर्यंत पत्र्याला हात लावता येत नाही, आणि दुपारी वाऱ्याच्या अशा झळा येतात की दोरीवर टाकलेलं धुणं दुसरं पिळेपर्यंत वाळतं. असल्या मुलखात सावलीतलं, ओलाव्यातलं झाड पाळायचं म्हणजे मासा चरायला नेल्यासारखं, असं बजरंग म्हणायचा. पहिल्याच उन्हाळ्यात आठातल्या पाच कुंड्या गेल्या. मग उरलेल्या तिघींना घेऊन ती उन्हाळ्याशीच भांडायला उभी राहिली.

घराच्या उत्तरेला, जिथं भिंतीची सावली दिवसभर हलत नाही, तिथं तिनं मेढी रोवल्या, वर शेडनेट ताणलं, त्यावर तुराट्या पसरल्या. पश्चिमेच्या अंगाला बारदानाचे पडदे सोडले. खाली वाळू, वाळूत पाणी, आणि कुंडीचं बूड पाण्यात बसू नये म्हणून प्रत्येक कुंडी विटेवर. सगळ्या कुंड्या अंगाला अंग लावून, म्हणजे एकीचा ओलावा दुसरीला. पाणी पहाटे मुळाला, आणि परत दिवस कलल्यावर. भर दुपारी झाडाला थेंब द्यायचा नाही. भिजवायचं ते बारदान आणि वाळू. बोअरचं पाणी खारं, त्यानं पात्यांची टोकं करपायची, म्हणून ती लांबच्या जुन्या विहिरीवरून रोज आठ घागरी आणायची. उन्हाळ्यात खत बिलकूल नाही. आणि वाळलेलं पान मिरग येईपर्यंत तोडायचं नाही, कारण त्याच्याच आडोशाला खालचा कोंब तग धरतो.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेलेल्या झाडांनी शिकवलं. तिची सून ज्ञानेश्वरी नवी नवी घरात आली तेव्हा पानामागं ओळीनं तपकिरी ठिपके बघून तिला वाटलं कीड पडली. गुणाची पोर, सासूला मदत करावी म्हणून सोयाबीनवर मारायचं औषध पंपात कालवून उभी! बानूबाई हातातलं लाटणं घेऊनच धावली. "अगं बया, बी हाय ती त्येची! लेकरं मारतीस व्हय?" तेव्हापासून सून त्या सावलीत पाऊल टाकायच्या आधी विचारून टाकायची.

तिनाच्या तीस झाल्या, तिसाच्या शंभरावर गेल्या. आणि गंमत बघा, ह्या झाडाला मागणी आली ती नेमकी वैशाखात. लग्नं तेव्हाच, मुहूर्त तेव्हाच, आणि नवरानवरीच्या खुर्चीमागं हिरवंगार पाहिजे तेही तेव्हाच. भूम, परंडा, वाशी, कुठूनही मंडपवाले कुंड्या भाड्यानं न्यायला यायचे. संध्याकाळी न्यायच्या, लग्न लागलं की सावलीत ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पहाटे परत. बानूबाईचा एवढाच कायदा होता, आणि सगळे तो पाळायचे.

रामकिसननं गेल्या वैशाखात चाळीस कुंड्या नेल्या. मोठा मंडपवाला, तीन टेम्पो, दोन जनरेटर, माणसांची फौज. दुसऱ्या पहाटे कुंड्या आल्या नाहीत. फोन लावला तर, लागोपाठ मुहूर्त आहेत, माणूस मोकळा नाही. तिसऱ्या दिवशी बानूबाई बजरंगला घेऊन स्वतःच, लग्नं लागतात त्या त्याच्या लॉनवर गेली. बघते तर काय, गोदामाच्या गार सावलीत, पंख्याखाली, प्लास्टिकची फुलं पोत्यांत निवांत पडलेली. आणि तिच्या चाळीस कुंड्या बाहेर, जनरेटरच्या बाजूला, फरशीवर, उघड्या उन्हात. तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. पानांचा रंग तांब्यावर गेलेला. एक पान तिनं चिमटीत धरलं तर त्याचा चुरा झाला.

ती तिथं रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चहाच्या गाड्यावर रामकिसन चार माणसांत उभा होता. बानूबाई सरळ पुढ्यात गेली.

"शेठ, माझी झाडं उन्हात का ठिवली?"

"कोणती झाडं?"

"फर्न. चाळीस कुंड्या. तीन दिवस! आन तुमची प्लास्टिकची फुलं सावलीत?"

रामकिसन हसला. "अगं बाई, प्लास्टिकचा रंग उडतो उन्हानं, महागाचा माल तो. तुझं काय, गवत! वाळलं तर वाळलं. शेळ्याला घाल. धनगराच्या घरी शेळ्याला काय तोटा हाय?"

चारी माणसं हसली. त्यातल्या एकाचा तर चहा कपातून सांडला. रामकिसननं भाडं चोख दिलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून बानूबाईच्या हातात त्याला धरायला काही उरलं नाही. उरलं ते चार माणसांचं हसणं. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ती तशीच वळली. घरी येऊन बजरंगला म्हणाली, "चौघांत हसला ना मला? म्या त्याला हजार माणसांत मान खाली घालायला लावीन. आन त्याच्या तोंडून वदवीन, चुकलं म्हणून. न्हाय वदवलं तर नाव बदला माझं."

मिरगापर्यंत तिनं त्या चाळिसांची वाट बघितली. एकही वाळलेलं पान तोडलं नाही, फक्त मुळाशी, वाटीनं, पानं न भिजवता पाणी घातलं. तीन कुंड्यांत आतून आखडलेले, गुंडाळलेले कोंब वर आले. सदतिसांत काहीच आलं नाही. बजरंग म्हणाला, माती ओतून घे, कुंड्या कामाला येतील. बाई म्हणाली, हात लावायचा न्हाय. तिनं त्या सदतीस मेलेल्या कुंड्या शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात नेल्या, जिथं पाऊस नाही, वारा नाही. वरनं जुनी लुगडी पांघरली. उंदीर लागू नयेत म्हणून मांजर पाळलं. जित्या झाडांना जेवढा जीव लावला नसेल तेवढा त्या मेलेल्यांना लावला. दर अमावास्येला लुगडं उचलून बघायची, पानं शाबूत आहेत ना, आणि परत झाकायची. ज्ञानेश्वरीला वाटायचं, सासूबाईला त्या झाडांची लईच माया आहे. आता तिला काय सांगणार?

वर्ष गेलं. चैत्रात एक दिवस रामकिसनची गाडी घरापुढं थांबली. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"बानूआक्का हायती का घरात?"

गेल्या साली बाई होती, ह्या साली आक्का झाली! बानूबाईनं पाणी दिलं. तो सरळ उत्तरेच्या सावलीत जाऊन बसला, उपरण्यानं मान पुसली. "काय गार हाय हो इथं! आक्का, आमच्या पोरीचं, निकिताचं लगीन काढलंय. व्याही पुण्याचे. त्यांचं एकच म्हणणं, स्टेजवर प्लास्टिक नको, सगळं खरं पाहिजे. मी म्हटलं, आमच्या तालुक्यात असलं काम एकाच बाईच्या हातात हाय. गेल्या साली बी तुमचीच झाडं नेली होती न्हवं? लई भारी दिसली होती."

बानूबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कुठं लाज आहे का, कुठं चोरटेपणा आहे का, हे शोधत राहिली. काहीच नव्हतं. ह्या बेमुर्वत माणसाला आठवतच नव्हतं! जे तिनं वर्षभर लुगड्याखाली जपलं होतं, ते ह्याच्या डोक्यातून चहाच्या कपाबरोबर धुऊन गेलं होतं. तो नाकारता, भांडता, तर तिचा राग निम्मा झाला असता. हे मात्र तिला सोसलं नाही.

"देते की," ती म्हणाली. "सदतीस देते."

"सदतीस कसल्या? चाळीस करा."

"सदतीसच हायती. पर एक हाय. झाडं म्या आणणार, म्या मांडणार, आन नवरानवरी समोर उभी राहूस्तोवर कुणी झाकण काढायचं न्हाय. झळ लागती त्येस्नी."

"तुम्ही म्हणाल तसं, आक्का!" तो गेला, तेव्हा पेढ्यांचा बॉक्स तिनं मांजरापुढं ठेवला. मांजरानं नाही खाल्लं, ते सोडा.

बजरंगला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. भला माणूस, आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलला नाही. "बानू, पोरीचं लगीन हाय. पोरीनं काय केलं?"

"माझ्या झाडांनी काय केलं हुतं?"

"झाडं आन पोर एकच व्हय?"

"मला एकच," ती म्हणाली. तो खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. बाई दुपारीच टेम्पोतून गेली. सदतीस कुंड्या, प्रत्येकीवर बारदान. वाटेत खड्डा आला की ती ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारायची, हळू रे बाबा! मेलेलं पान मोडू नये म्हणून. स्टेजवर तिनं तीन रांगा लावल्या, पायऱ्यांवरून खाली उतरत आणल्या. बारदानं तशीच. चैत्रापासून तिनं हा क्षण रोज डोळ्यांपुढं आणला होता: बारदान निघालं, हजार माणसं गप्प झाली, व्याही म्हणाला हे काय, आणि रामकिसनची मान छातीला टेकली. तिथं ती पुढं होऊन विचारणार होती, शेठ, काय झालं ह्या झाडांना, सांगा की लोकांना!

एवढ्यात कुणीतरी तिचा पदर ओढला. निकिता. तोंडाला अर्धा मेकअप, हातावर काळीशार मेंदी. "आजी, झाडं आली का? एक तरी बघू द्या ना. मीच सांगितलं होतं पप्पांना, मला खरी झाडं पाहिजेत म्हणून. सासरच्यांचं आपलं नुसतं नाव."

पोर खरंच गोड होती. "आत्ता नको बाळा," ती म्हणाली, "झळ लागंल त्येस्नी." निकितानं बारदानावरनंच एका कुंडीला हात लावला आणि आत पळाली. बाई खरं तर तेव्हाच उठली होती. बजरंगला फोन करावा, जित्या कुंड्या टेम्पोत भरायला सांगाव्यात, अजून दोन तास होते. पण समोरून रामकिसन फेटा बांधून आला, माणसांवर खेकसला, "ए, ती प्लास्टिकची पोती सावलीत टाका रे, उन्हानं खराब होतील!" झालं. बानूबाई परत खाली बसली.

दिवस कलला. मंडळी आली. व्याह्यांच्या बाजूचा फोटोवाला चार दिवे घेऊन स्टेजसमोर उभा राहिला. नवरदेव चढला, मागनं निकिता आली. गुरुजींनी खूण केली. बानूबाईनं एका टोकाला धरून पहिलं बारदान ओढलं, मग दुसरं, मग सगळी भराभर.

स्टेजच्या खाली खरंच सगळे गप्प झाले. रामकिसनचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडं, हात अर्ध्यात. तो एक क्षण बानूबाईला मिळाला, तो कुणी हिरावून घेऊ शकत नाही. तेवढ्याशा वेळात तिला एवढं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं.

"वाह!" फोटोवाला ओरडला. "हे कुणी केलंय? कमाल!"

नवरदेवाची बहीण मोबाइल घेऊन पुढं आली. "अय्या, ड्राय लूक! पुण्यात ह्याच्यासाठी लोक वेडे होतात. आणि एवढी मोठी पानं! दादा, थांब, इकडं बघ." निकितानं मागं वळून बघितलं. क्षणभर ती गोंधळली. मग सगळे म्हणतात म्हणजे असेल, असं वाटून हसली. आणि खोटं कशाला बोला, दिसतही होतं तसंच. मावळतीचं ऊन आणि पिवळे दिवे त्या सुकलेल्या पानांवर पडले आणि सगळं स्टेज तांब्यापितळेचं दिसायला लागलं. बानूबाईलाही तसंच दिसलं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, तेरखेड्याच्या कारखान्यातले फटाके आकाशात फुटले. रामकिसन तोवर सावरला होता. धंदा मुरलेला माणूस, लोकांच्या तोंडाकडं बघून तो आपलं तोंड बदलायचा. निवेदकाच्या कानात काहीतरी बोलला. आणि स्पीकरवरून आवाज आला: "ह्या आगळ्यावेगळ्या सजावटीची ज्यांची कल्पना, त्या आमच्या बानूआक्कांनी स्टेजवर यावं!"

दोन बायांनी तिला हाताला धरून वर नेलं. रामकिसनच्या बायकोनं कुंकू लावलं, ओटी भरली, पदरात नारळ टाकला, हिरवं लुगडं खांद्यावर ठेवलं. हजार माणसं समोर. हीच ती हजार माणसं. निवेदकानं माइक तोंडापुढं धरला. "आक्का, दोन शब्द बोला."

बानूबाईनं माइक हातात घेतला. "ही झाडं मेलेली हायती," ती म्हणाली. "गेल्या वैशाखात ह्या रामकिसनशेठनं तीन दिवस उन्हात ठिवून मारली. प्लास्टिक सावलीत ठिवलं आन जित्ती झाडं उन्हात. वर म्हणला, शेळ्याला घाल. म्या वरीसभर जपून ठिवली, तुमाला दावायला."

सांगून टाकलं. सरळ, स्वच्छ, सगळ्यांच्या तोंडावर. एक श्वास तिनं वाट बघितली.

आणि टाळ्या पडल्या! "बघा मंडळी," निवेदक ओरडला, "वाया गेलेल्या झाडांचं आक्कांनी सोनं केलं! कला म्हणतात ती ही! जोरदार टाळ्या!" लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. व्याही माना डोलवत होते. आणि रामकिसन पुढं आला, हजार माणसांसमोर वाकला, आणि त्यानं डोकं थेट तिच्या पायांवर ठेवलं.

"चुकलं आक्का, पदरात घ्या," तो मोठ्यानं म्हणाला, आणि लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मग उठता उठता, तिच्या कानाशी, एकदम दबक्या आवाजात: "आत्ताच तिघांनी विचारलं मला. अजून वाळवता येतील का? पन्नासेक?"

मान खाली गेली होती. शब्दही निघाला होता. जसं मागितलं होतं तसं, अगदी तस्संच मिळालं होतं, आणि त्यात काही नव्हतं. बानूबाई पदरात नारळ धरून खाली उतरली आणि न जेवता घरी आली. बजरंगनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काय न्हाय, लगीन लागलं. लुगडं तिनं कोपऱ्यात भिरकावलं. दोन दिवस रामकिसनला मनातल्या मनात शिव्या घालत राहिली, नव्या नव्या, जोडून जोडून. आता ह्याला कसा गाठावा, ह्याचा विचार परत सुरू झाला होता.

तिसऱ्या दिवशी ती परंड्याला आजारी नणंदेला बघायला गेली आणि दुपारच्या एसटीनं परत आली. फाट्यावर उतरून, डोक्यावर पदर घेऊन, अंगणाच्या तोंडाशी आली आणि पाय जागीच थांबले.

अंगणात, भर उन्हात, एका ओळीत वीस कुंड्या. सुट्या सुट्या ठेवलेल्या, ऊन चारी बाजूंनी लागावं म्हणून. जित्या. पहाटे तिनं स्वतः पाणी घातलेल्या. ज्ञानेश्वरी कपाळाचा घाम पुसत एक कुंडी फिरवून ठेवत होती, दुसऱ्या अंगाची पानं उन्हाला यावीत म्हणून.

"आत्या, आलात?" तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद. "रामकिसनशेठचा फोन आला हुता. पुढल्या आठवड्यात पन्नास पायजेत म्हणले. मामंजी रानात गेल्यात, तुमी नव्हता. म्या म्हणलं, निदान वीस तरी वाळत घालावं. तुमी गेल्यापासनं ठिवल्यात."

"कुणी सांगितलं तुला?" बानूबाईचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"कुणी म्हंजे? तुमीच की!" ज्ञानेश्वरी गोंधळली. "हजार माणसांत तुमीच दावलं, वाळल्यावर किती देखणं दिसतंय ते. ओटी काय उगंच भरली त्येंनी तुमची? व्हिडिओ बघितला म्या. आता आपल्या घरची कला झाली न्हवं ती?"

शिवी ओठांवर आली होती. दोन दिवस घोळवलेली, चांगली धारदार. पण द्यायची कुणाला? सुनेला? ती तर बिचारी मदतच करत होती. रामकिसनला? त्याचं काय, तो मागणारच. त्याला मागायला हिनंच शिकवलं. बानूबाईला आपल्याच रागाची एकदम किळस आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण पहिल्या कुंडीतली पानं टोकाकडून आत वळायला लागली होती.

तिनं पिशवी खाली टाकली आणि कुंडी उचलली. तापलेल्या मातीचा हाताला चटका बसला, सोडली नाही. सावलीत नेऊन विटेवर ठेवली. परत आली, दुसरी उचलली. ज्ञानेश्वरी धरू लागली तर तिला कोपरानं बाजूला सारलं. नवव्या कुंडीला हात फोडांनी भरले. विसावी आत नेली तेव्हा ती तिथंच, वाळूत, कुंड्यांमध्ये बसली आणि मोठ्यानं रडली. बजरंगनं तिला तसं रडताना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि आजही तो नव्हता ते बरं झालं.

ज्ञानेश्वरी लांब उभी राहून बघत होती. तिच्या हातातला फोन वाजायला लागला.

"शेठचाच हाय, आत्या," ती घाबरत म्हणाली. "काय सांगू त्यास्नी?"

"सांग, म्हातारी मेली म्हणून."

"असं काय वो बोलता, आत्या!"

"मग काईच नको सांगू," बानूबाई म्हणाली. "वाजू दे. तू आधी बारदान भिजवून आण."